'लवकर'मधला 'कर' : एका इनबॉक्सचं प्रकरण

"पत्र तीनदा पाठवलंय म्हणतात. माझ्याकडे एकही नाही. आता ते खोटं बोलतायत की माझा कॉम्प्युटर?"

ताईंचा फोन असा सुरू झाला. ताई संपादन आणि अनुवादाचं काम करतात. सोबत एक तरुण साहाय्यक आहे. दोघांचे कॉम्प्युटर वेगळे, पण ईमेलचं खातं एकच, अकरा वर्षांचं. ईमेल बघायला दोघंही थंडरबर्ड हा प्रोग्राम वापरतात. मी त्यांचा नेमलेला तंत्रज्ञ नाही. ओळखीतला 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' माणूस म्हणून माझी वर्णी लागते, इतकंच. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात बिघडलेलं असं काहीच नव्हतं. प्रत्येक गोष्ट नेमून दिलेलं काम चोख करत होती आणि त्यामुळेच पत्र हरवत होतं.

हरवलेलं पत्र एका प्रकाशकाचं होतं. त्यांनी कराराचा मसुदा पाठवला होता, पहिल्यांदा अकरा दिवसांपूर्वी. उत्तर नाही म्हणून दोनदा आठवण केली आणि शेवटी फोन.

मी गेलो तेव्हा पडद्यावर जे दिसलं ते असं: इनबॉक्समध्ये अडतीस हजारांच्या वर पत्रं, त्यातली सहा हजार न वाचलेली. डावीकडे फोल्डरांची उतरंड, एकात एक अशी चार पातळ्यांपर्यंत, एकूण चौऱ्याहत्तर. लेखकांच्या नावाचे फोल्डर, त्यात पुस्तकांचे, त्यात 'अंतिम', 'अंतिम नवीन' आणि एक 'इतर महत्त्वाचे'. थंडरबर्डमध्ये एकोणीस फिल्टर, म्हणजे आलेली पत्रं आपोआप लावणारे नियम. ताई म्हणाल्या, "बघा, मी किती व्यवस्थित लावून ठेवलंय." त्यांचं म्हणणं खरं होतं. लावण्यात कुठेच आळस नव्हता.

आधी चुकीच्या ठिकाणी शोधलं

पहिला संशय अर्थातच नको असलेल्या जाहिरातींच्या फोल्डरवर, म्हणजे जंकवर. तिथे काही नव्हतं.

दुसरा संशय मला जास्त आवडला होता. मी विचारलं, "दोघांपैकी कुणाच्या कॉम्प्युटरवर हे खातं पॉप पद्धतीने जोडलंय का?" पॉप ही जुनी पद्धत पत्रं सर्व्हरवरून, म्हणजे ईमेल सेवेच्या कॉम्प्युटरवरून उचलून आपल्या कॉम्प्युटरवर आणते. प्रत सर्व्हरवर ठेवायची की नाही आणि ठेवली तर किती दिवस, हे तिथे ठरवता येतं. एकाच खात्याला एक कॉम्प्युटर पॉपने आणि दुसरा आयमॅपने जोडला असेल, तर पहिला मुकाट्याने पत्रं उचलून नेतो आणि दुसऱ्यावर ती नाहीशी होतात. असले प्रकार मी पाहिलेले आहेत. पण इथे दोन्हीकडे आयमॅप होतं. आयमॅपची कल्पना मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये मांडली. पत्रं सर्व्हरवरच राहतील आणि आपला कॉम्प्युटर ही तिकडे बघायची खिडकी असेल, हे तिचं सूत्र. म्हणजे पत्र सर्व्हरवर आलं असेल तर ते दोन्ही खिडक्यांतून दिसायला हवं होतं.

तिसरा संशय अनुक्रमणिकेवर. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरची सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलमध्ये, एकाखाली एक, साठवतो. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. शेजारी एक छोटी अनुक्रमणिका असते. यादीत दिसतं ते या अनुक्रमणिकेतलं. ती बिघडली तर पत्र फाइलमध्ये असूनही यादीत दिसत नाही. उपाय सोपा आहे: फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन दुरुस्तीचं बटण दाबायचं, की अनुक्रमणिका नव्याने तयार होते.

दुरुस्ती केली. पत्र सापडलं नाही. पण फाइलचा आकार बघून थबकलो. इनबॉक्समधल्या सगळ्या पत्रांची बेरीज चार जीबीच्या आसपास, आणि डिस्कवरची फाइल साडेसात जीबीची. या रचनेत पत्र काढून टाकलं किंवा दुसरीकडे हलवलं, की फक्त त्याच्यावर 'गेलं' अशी खूण होते. मजकूर फाइलमध्ये तसाच पडून राहतो. वहीतल्या ओळीवर काट मारावी तसं. ओळ खोडली जाते, पान मोकळं होत नाही. पान मोकळं करायचं तर फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करावा लागतो. त्यात जिवंत पत्रं नव्या फाइलमध्ये उतरवली जातात आणि जुनी फाइल टाकली जाते. तेवढा वेळ दोन्ही फाइली डिस्कवर असतात, म्हणून आधी पुरेशी जागा आहे ना ते बघायचं. थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलच्या फोल्डरची, म्हणजे जिथे तो पत्रं आणि सेटिंग ठेवतो त्याची, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, हेही आलंच. आम्ही दोन्ही केलं. थंडरबर्ड चपळ झाला. ताई खूश झाल्या. प्रकाशकाच्या पत्राचा मात्र पत्ता नव्हता.

आपल्याला जे येतं ते आधी दुरुस्त करत सुटायचं ही आम्हा मंडळींची खोड. दीड तास त्यात गेला.

पत्र कुठे होतं

शेवटी ब्राउझर उघडून खात्यात थेट शिरलो, म्हणजे खिडकी सोडून घरातच गेलो. तिथे शोधात प्रकाशकाचं नाव टाकल्याबरोबर तिन्ही पत्रं समोर. फोल्डर: 'कर'.

साहाय्यकाच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळं आलं. सात महिन्यांपूर्वी त्याने करभरणीच्या पावत्या एका जागी राहाव्यात म्हणून ब्राउझरमधूनच एक नियम केला होता: विषयात 'कर' असेल तर पत्र 'कर' या फोल्डरमध्ये टाक. हेतू शहाणा होता. पण 'विषयात अमुक असेल तर' हा नियम शब्द बघत नाही, अक्षरांचा क्रम बघतो. सर्व्हरवरचे असे नियम बऱ्याच ठिकाणी सिव्ह नावाच्या छोट्या भाषेत लिहिलेले असतात आणि तिच्यातली 'समाविष्ट आहे' ही तुलना अगदी अशीच आंधळी आहे. 'कर' हा क्रम 'करार'मध्ये आहे. 'लवकर'मध्ये आहे. 'प्रकरण'मध्ये आहे, 'नोकरी'मध्येही आहे. प्रकाशकांच्या पत्राचा विषय होता, 'करार – कृपया लवकर उत्तर द्यावे'. एका ओळीत दोनदा सापळ्यात पाय.

म्हणजे सात महिने ज्यांनी ज्यांनी घाईचं म्हणून विषयात 'लवकर' लिहिलं, त्या सगळ्यांची पत्रं बाजूला पडत होती. जितकी निकड जास्त तितकी पत्र न दिसण्याची शक्यता जास्त. 'कर' फोल्डरमध्ये दीडशेच्या वर पत्रं निघाली. त्यातली करासंबंधीची जेमतेम साठ.

ताईंनी लगेच विचारलं आणि प्रश्न रास्त होता: "पण मग माझ्याकडे डावीकडे 'कर' फोल्डर दिसतोय की. त्याच्यापुढे न वाचलेल्याचा आकडा का नाही आला?"

पुढचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण या प्रकरणाची खरी गाठ तिथेच आहे. आयमॅपमध्ये नवीन पत्र आल्याची वर्दी सर्व्हरने आपणहून द्यावी अशी सोय १९९७ पासून आहे. तिचं नाव आयडल. मात्र ही वर्दी एका जोडणीवर एकाच फोल्डरपुरती मिळते. चौऱ्याहत्तर फोल्डरांवर नजर ठेवायची तर चौऱ्याहत्तर जोडण्या लागतील, आणि एका खात्याला तेवढ्या जोडण्या कुठलाच सर्व्हर सुखाने देत नाही. थंडरबर्ड एका खात्यासाठी सहसा पाचच जोडण्या धरून ठेवतो. त्यामुळे तो डोळा ठेवतो इनबॉक्सवर आणि फार तर नुकत्याच उघडलेल्या दोन-चार फोल्डरांवर. बाकीचे फोल्डर आपण टिचकी मारून उघडेपर्यंत तो तिकडे बघत नाही. आकडा जुनाच राहतो.

इनबॉक्समधून पत्र उचलून फोल्डरमध्ये टाकण्याचं काम थंडरबर्डचा स्वतःचा फिल्टर करतो, तेव्हा त्याला माहीत असतं की तिथे काहीतरी गेलं, आणि आकडा बदलतो. पण सर्व्हरवरच्या नियमाने पत्र इनबॉक्सला न शिवता परस्पर फोल्डरमध्ये टाकलं, तर थंडरबर्डला कोण सांगणार? 'कर' फोल्डर सात महिन्यांत कुणी उघडलाच नव्हता. करभरणीची वेळ अजून यायची होती.

यावर साधा इलाज आहे. फोल्डरच्या गुणधर्मांत 'या खात्याची पत्रं आणताना हा फोल्डरही नेहमी तपासावा' अशा अर्थाचा एक चौकोन असतो. तिथे खूण केली की झालं. ती तिथल्या तिथे केली, आणि दहा मिनिटांत प्रकाशकांना उत्तरही गेलं. प्रकरण इथे मिटलं असं म्हणून मी पिशवी उचलली होती.

ताईंचा दुसरा प्रश्न

"हे एक सापडलं. पण न हरवलेली पत्रंसुद्धा राहून जातात, त्याचं काय?"

मी पुन्हा बसलो.

त्या म्हणाल्या, वाचलेलं पत्र डोक्यातून निघून जातं. म्हणून त्या करायच्या कामाचं पत्र वाचून झालं की परत 'न वाचलेलं' करून ठेवत. ही युक्ती खूप लोक करतात आणि एकट्या माणसाला ती बरी चालतेही. पण आयमॅपमध्ये वाचल्याची खूण सर्व्हरवर असते, म्हणजे दोघांची मिळून एकच. साहाय्यकाने सहज यादीतून खाली येताना एखाद्या पत्रावर क्षणभर विसावा घेतला की ते 'वाचलेलं' झालं, आणि ताईंच्या दृष्टीने काम संपलं. उलट ताईंनी मुद्दाम 'न वाचलेलं' केलेलं पत्र साहाय्यकाला नवीन वाटे, तो उघडून बघे, 'हे तर ताईंचं' म्हणून पुढे जाई. खूण परत पुसली. दोघं एकमेकांची पाटी पुसत होते आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.

आणि फोल्डर? त्यांची सगळी वर्गवारी 'हे पत्र कशाबद्दल आहे' या प्रश्नाचं उत्तर होती. कुठला लेखक, कुठलं पुस्तक. राहून जात होतं ते 'आता पाळी कुणाची' या प्रश्नाचं उत्तर नसल्यामुळे. प्रकाशकाच्या फोल्डरमध्ये नीट लावलेलं पत्र उत्तराविना तीन आठवडे पडून राहू शकतं. ते फक्त व्यवस्थित पडलेलं असतं. माझं मत आता असं झालंय, की कामाचं पत्र उत्तर द्यायच्या आधीच विषयवार फोल्डरमध्ये टाकणं म्हणजे नीटनेटकेपणाच्या नावाखाली ते पुरणं.

ताईंना हे पटायला वेळ लागला. अकरा वर्षांची मेहनत होती ती. मग मी एका अभ्यासाचा दाखला दिला. २०११ साली आयबीएमच्या संशोधकांनी ३४५ लोक जुनी पत्रं प्रत्यक्षात कशी शोधतात हे नोंदवलं. पुन्हा शोधण्याच्या पंच्याऐंशी हजारांवर कृती त्यात होत्या. फोल्डर धुंडाळून पत्र सापडायला सरासरी मिनिटभर लागत होतं, शोधाच्या खिडकीतून सतरा-अठरा सेकंद. आणि फोल्डर लावण्यात गेलेला वेळ यात धरलेलाच नाही. ताई म्हणाल्या, "ते मराठीत शोधत नव्हते."

टोला बरोबर बसला. त्याबद्दल पुढे.

काय बदललं

आम्ही आधी नियमांचा निकाल लावला. दोन ठिकाणी नियम असणं हेच मूळ. सर्व्हरवर सात निघाले, थंडरबर्डमध्ये एकोणीस, आणि तेच एकोणीस साहाय्यकाच्या कॉम्प्युटरवर पण थोड्या वेगळ्या क्रमाने. फिल्टर वरून खाली चालतात, त्यामुळे क्रम वेगळा तर निकाल वेगळा. शिवाय दोन कॉम्प्युटर एकाच वेळी तेच पत्र हलवायला धावले की कधी कधी एकाची दोन पत्रं होतात. कारण आयमॅपमध्ये हलवणं म्हणजे मुळात प्रत काढून जुनं खोडणं. थेट 'हलव' ही आज्ञा बरीच उशिरा, २०१३ साली आली. इतर काही फोल्डरांत दिसलेल्या जुळ्या पत्रांचा उलगडा बहुधा हाच.

ठरलं ते असं: पत्र हलवणारे नियम फक्त सर्व्हरवर, कॉम्प्युटर बंद असतानाही चालतील असे. आणि ते विषयावर नाही, पाठवणाऱ्याच्या पूर्ण पत्त्यावर किंवा पत्रगटाच्या ओळखीवर चालतील. बातमीपत्रं आणि चर्चागटांच्या पत्रांच्या शिरोभागात गटाची ओळख सांगणारी एक वेगळी ओळ असते. विषय कितीही बदलला तरी ती बदलत नाही. तिसरी अट ताईंनी स्वतः घातली आणि ती सगळ्यात चांगली होती: माणसाने लिहिलेलं पत्र कुठलाही नियम हलवणार नाही. हलेल ते फक्त यंत्राने पाठवलेलं. पावत्या, सूचना, बातमीपत्रं. सव्वीसांतून तीन नियम उरले.

पडताळा म्हणून साहाय्यकाने एका वेगळ्या खात्यावरून पत्र पाठवलं. विषय: 'नोकरीचं प्रकरण, करार लवकर कर'. इनबॉक्समध्ये आलं. खोलीत टाळ्या.

मग पाळीचा प्रश्न. थंडरबर्डमध्ये पत्राला रंगीत टॅग लावता येतात. सुरुवातीला पाच मिळतात: महत्त्वाचं, काम, वैयक्तिक, करायचं, नंतर. १ ते ५ या कळांनी लागतात, शून्याने निघतात. आम्ही नवे टॅग न बनवता या पाचांचीच नावं बदलली, त्याला कारण आहे. टॅग सर्व्हरवर जातो तो एक सांकेतिक खूण म्हणून. त्याचं नाव आणि रंग प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळे ठेवलेले असतात. पाच मूळ टॅगांच्या खुणा सगळीकडे त्याच, त्यामुळे दोन्ही कॉम्प्युटरांवर नावं सारखी बदलली की काम होतं. सगळे सर्व्हर अशा खुणा साठवतातच असं नाही. म्हणून आधी ताईंच्या कॉम्प्युटरवर एका पत्राला टॅग लावला, शेजारच्या खोलीतून "आला!" अशी आरोळी ऐकली, आणि मगच पुढे गेलो.

नावं ठेवली: १ म्हणजे 'ताई', २ म्हणजे साहाय्यकाचं नाव, ३ म्हणजे 'त्यांची पाळी', अर्थात उत्तर समोरच्याकडून यायचंय. ४ आणि ५ सध्या मोकळे. पत्र आलं की जो आधी बघेल त्याने एक कळ दाबायची आणि पत्र इनबॉक्समधून काढायचं. काढायचं म्हणजे 'ए' कळ. तिने पत्र संग्रहात, त्याच्या तारखेप्रमाणे त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये जातं. कशाबद्दल आहे याचा विचारच करायचा नाही.

"आणि मग दिसणार कुठे?"

जतन केलेल्या शोधात. थंडरबर्डमध्ये एखादा शोध फोल्डरसारखा कायम डावीकडे ठेवता येतो. आम्ही तीन केले. 'ताईंची पाळी': कुठल्याही फोल्डरमधलं, टॅग १ असलेलं. तसाच साहाय्यकाचा. आणि तिसरा, माझा लाडका: टॅग ३ आहे आणि सात दिवसांहून जुनं आहे. म्हणजे ज्यांना आपण विचारलं आणि ज्यांनी आठवडाभर तोंड उघडलं नाही, ते आपोआप वर येतात. यात पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर धरायला विसरायचं नाही, कारण 'त्यांची पाळी' हा टॅग आपण लिहिलेल्या पत्रावर लागतो. मी पहिल्यांदा विसरलो होतो. यादी रिकामी बघून ताईंना वाटलं सगळ्यांनी उत्तरं दिली.

जतन केलेले शोध मात्र त्या त्या कॉम्प्युटरपुरतेच असतात. दोन्हीकडे वेगळे करावे लागले. आणि एक अपघातही झाला. साहाय्यकाला वाटलं की शोधात दिसतात त्या प्रती आहेत. काम झालेली पत्रं तो तिथून काढून टाकू लागला. तिथे प्रती नसतात, मूळ पत्रंच असतात. तिसऱ्या दिवशी ताईंना एक सापडेना, तेव्हा कळलं. कचऱ्याच्या फोल्डरमधून अकरा पत्रं परत आणली. काम झालं की पत्र काढायचं नाही, शून्य दाबून टॅग काढायचा. हे मी आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

अडतीस हजारांचं काय

ताईंची तयारी होती की सुट्टी घेऊन सगळी पत्रं एकेक बघायची. मी हात जोडले. साठ दिवसांपेक्षा जुनं सगळं न बघता संग्रहात.

"अहो, त्यात एखादं राहिलेलं असेल तर?"

असणारच. पण ते शोधायला अडतीस हजार बघायची गरज नाही. पत्रांच्या यादीवर झटपट गाळणीची पट्टी असते. तिच्यात 'न वाचलेली' आणि 'ओळखीच्यांची' अशी दोन बटणं एकदम दाबली. ओळखीचे म्हणजे पत्ते-वहीत असलेले. आणि आपण ज्यांना कधी पत्र लिहिलं त्यांचे पत्ते थंडरबर्ड आपोआप वहीत गोळा करत असतो, त्यामुळे ही गाळणी वाटते त्याहून चांगली चालते. सहा हजारांवरून आकडा दीडशेच्या आत आला. ते दीडशे ताईंनी एका बैठकीत पाहिले. उत्तर द्यायला हवं असं नऊ पत्रांत निघालं. त्यातली दोन वर्षभराहून जुनी. त्या दोघांना ताईंनी काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

बाकी संग्रहात गेली, पण एका फटक्यात नाही. आयमॅपवर तीस-पस्तीस हजार पत्रं एकदम हलवायला सांगितलं की मध्येच दम तुटतो आणि नेमकी कुठवर गेली ते कळत नाही. वर्षावर्षाचे तुकडे करून, दोन संध्याकाळी. शेवटी सगळे फोल्डर कॉम्पॅक्ट केले.

जुने चौऱ्याहत्तर फोल्डर जसेच्या तसे ठेवले. मोडलेही नाहीत आणि त्यांत नवीन टाकायचंही नाही. ते मोडायला निघालो असतो तर ताईंनी मला घराबाहेर काढलं असतं, आणि मोडून मिळणार तरी काय होतं?

मराठीत शोधणं

ताईंचा टोला विसरलो नव्हतो. शोधावर सगळं सोपवायचं तर शोध चालला पाहिजे, आणि मराठी शब्द जागेवर उभा राहत नाही. 'मसुदा' शोधलं तर 'मसुद्यात दोन बदल' असं लिहिलेलं पत्र सापडत नाही. जे अक्षरक्रमाचं आंधळेपण नियमात घातक ठरलं, तेच इथे कामी आलं. गाळणीत आणि सविस्तर शोधात पूर्ण शब्द टाकायचा नाही, विभक्तीने न बदलणारा तुकडा टाकायचा. 'मसुद' टाकलं की 'मसुदा', 'मसुदे', 'मसुद्याची' सगळे येतात. 'घोड' टाकला की 'घोडा' आणि 'घोड्यावर' दोन्ही. संपादिकाच त्या. पाच मिनिटांत त्या माझ्याहून चांगले तुकडे पाडू लागल्या.

ऱ्हस्व-दीर्घाचा इलाज मात्र नाही. एका लेखकांच्या पत्रांत ताईंच्या मालिकेचं नाव चार प्रकारे लिहिलेलं आहे. तिथे पाठवणाऱ्याचं नाव आणि साधारण वर्ष टाकून मग डोळ्यांनी बघणंच बरं.

शोध सुधारायचा दुसरा मार्ग म्हणजे आपण लिहितो ते विषय. याच लेखकांना नवीन पत्र लिहायचं तर ते जुनं कुठलं तरी उघडून त्याला 'उत्तर' देतात. तीन वर्षांपूर्वीच्या 'पत्ता बदलला आहे' या पत्राखाली नवीन प्रकरणं येऊन पडलेली. विषय खोडून नवा लिहिला तरी भागत नाही, कारण हे उत्तर कुठल्या पत्राला आहे याची नोंद पत्राच्या शिरोभागात आतल्या आत जाते आणि थंडरबर्ड साखळी त्या नोंदीवरून जोडतो. नवी गोष्ट असेल तर कोरं पत्रच लिहायला हवं. ते लेखक ऐकणार नाहीत. पण निदान ताई त्यांना उत्तर देताना कोऱ्या पत्रात, नीट विषय लिहून देतात. पुढची साखळी त्याला लागते.

चार महिन्यांनी

मी परत गेलो तेव्हा इनबॉक्समध्ये सतरा पत्रं होती. 'ताईंची पाळी'त एकवीस. ताईंना हा आकडा मोठा वाटत होता. मी म्हटलं, काम तेवढंच आहे, आता ते दिसतंय. त्या म्हणाल्या, दिसत नव्हतं तेव्हा झोप बरी लागायची.

मध्यंतरी साहाय्यकाने मोकळा असलेला ४ नंबर 'बघू' या नावाने वापरायला घेतला होता. तीन आठवड्यांत त्यात साठच्या वर पत्रं जमली आणि ती कुणी बघितली नाहीत. 'बघू' ही कुणाचीच पाळी नसते. तो टॅग ताईंनी काढायला लावला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ताई प्रवासात फोनवरून उत्तरं देतात आणि त्यांच्या फोनवरच्या ॲपला हे टॅग दिसतच नाहीत. उत्तर जातं, पण 'ताईंची पाळी' हा टॅग तसाच चिकटून राहतो. परत आल्या की यादीत दहा-बारा पत्रं उगाच उभी असतात. साहाय्यकाने त्यावर शोधलेली युक्ती अशी: उत्तर दिलेल्या पत्रापुढे छोटा बाण येतो, आणि ती खूण सर्व्हरवरची असल्यामुळे फोनवरून उत्तर दिलं तरी सहसा उमटते. मग चौथा जतन केलेला शोध: टॅग १ आहे आणि उत्तर दिलेलं आहे. त्यातली पत्रं तो रोज सकाळी ताईंना वाचून दाखवतो, त्या "हो, झालं" म्हणतात, आणि तो शून्य दाबतो. मी त्याला म्हटलं, हे आपोआप करता येईल बहुतेक. तो म्हणाला, "नको. मागच्या वेळी आपोआप केलं होतं."